टिकलीएवढा राखाडी

तळवली गावठाणात माझं दुकान:
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधारची दुरुस्ती,
आणि काचेवर आतून चिकटवलेलं
'जुने फोटो रंगीत करून मिळतील'.

रंग भरायला शिकले ठाण्यात,
जांभळी नाक्याच्या मागे, चौलकर मास्तरांकडे.
शिकले म्हणजे बाटल्या धुतल्या,
आगकाडीला कापूस गुंडाळून दिला.
मास्तर बोटाच्या पेरावर रंग पातळ करत
आणि श्वास धरून गालाला लावत.
त्यांची हिरवी बाटली मोठी होती,
म्हणून चरईपासून कोलशेतपर्यंत
निम्म्या नवऱ्या एकाच शालूत उभ्या आहेत.
तक्रार कुणी केली नाही.
फार जुन्या फिल्मला लाल दिसतच नसे,
कुंकू काळं उठायचं.
मास्तर आधी ते लाल करत,
मग बाकीची बाई.

आता संगणक करतो. अकरा सेकंद.
कळत नाही तिथे तपकिरी ओततो
आणि गप्प बसतो,
मास्तरांसारखाच, फक्त बिडी न ओढता.

चांगुणाबाय मढवींनी फोटो आणला
दुधाच्या पिशवीत.
मिठागर. बांधावर त्यांची आई, डोक्यावर टोपली,
बाजूला फ्रॉकातल्या, पुढचा दात पडलेल्या, त्या.
मागे राशी.
संगणकाने राशींना निळसर सावल्या दिल्या,
पारसिकच्या डोंगरावर धुकं सोडलं,
वाफ्यांतलं पाणी काश्मीरचं केलं.
चांगुणाबाय स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या,
"बरफ कुठचा ह्यो? मीठ हाय आमचा.
आन पानी निला नव्हता.
वैशाखात गुलाबी व्हायचा, पेरूच्या गरावानी."
मला खरं वाटेना.
"तू व्हतीस का?"

मी नव्हते.
राशींवरचा निळा पुसला, पाणी गुलाबी केलं.
लुगडं?
"जांभला... नाय, त्यो सनाचा.
रोजचा कंचा व्हता गो?"
हे त्यांनी मला विचारलं.
लुगडं तपकिरीच राहिलं.

मग मी कपाळ मोठं केलं.
भुवयांच्या मधे ठिपका,
टिकलीएवढा राखाडी.
"हे कुंकू, की गोंदण?"
मला फक्त रंग हवा होता,
लाल की हिरवा.

त्या बोलेनात.
एक पोरगा रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन गेला,
सुट्टे दोन रुपये राहिले म्हणून परत आला.
त्या बोटं मोजत होत्या.
"दात पडला तवा मी सात-आठची.
बापूस खाडीत गेला तवा..."
बोटं पुन्हा पहिल्यापासून.
"आय दोन्ही लावायची. खाली गोंदन, वर कुंकू.
मंग खालचाच ऱ्हायला."

फोटो उलटा केला.
पाठीवर मीठखात्याचा जांभळा शिक्का,
साल होतं तिथे कसरीनं खाल्लेलं भोक.
त्यातून माझं काउंटर दिसलं.

मास्तर असते तर त्यांनी विचारलंच नसतं.
आगकाडी उचलली असती
आणि त्या बाईचा नवरा जिवंत करून
दीड रुपया घेतला असता.
माझा हात माउसवर, खाली येईना.

चांगुणाबायनी कनवटीची पिशवी काढली,
नोटा उलगडल्या, परत घडी घातली.
"दोन काढलेस, एक असा, एक तसा,
तं पैसं डबल का गो?"

प्रिंटर दोनदा घरघरला.
ठिपक्यावर एकदा लाल, एकदा हिरवा.
मिठाच्या राशींवर दोन्ही वेळा त्याने काहीच टाकलं नाही,
तिथे नुसता कागद.

लॅमिनेशन नको म्हणाल्या.
फुंकर मारून वाळवले,
आणि दोन्ही आया समोरासमोर लावून
दुधाच्या पिशवीत सरकवल्या.